गच्चीवरची तार

मी खगोलशास्त्रात काम करते हे आमच्या सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे, म्हणून लग्नाच्या पत्रिका जुळवायला माझ्याकडे येतात. माझं खरं काम घरी बसून प्रोग्राम लिहायचं. आमच्या गटाला चंद्रापलीकडे छोट्या उपग्रहांचा ताफा सोडायचा आहे. त्यांनी एकमेकांपासून लांब राहून, सगळे मिळून एकच प्रचंड अँटेना असल्यासारखं ऐकायचं. कारण अवकाशातल्या अगदी कमी कंपनांच्या रेडिओ लहरी जमिनीपर्यंत पोचतच नाहीत. वातावरणाचा वरचा थर त्यांना बाहेरूनच परत पाठवतो.

ताफ्याला मंजुरी मिळेपर्यंत, जरा वरच्या कंपनांवर सराव म्हणून मी सातपूरच्या आमच्या गच्चीवर दोन बांबूंना तांब्याची तार बांधली. ती रिसीव्हरला जोडून हेडफोन लावला, तर आधी लिफ्ट ऐकू आली. मग जिन्यातले एलईडी दिवे, मग मागच्या वर्कशॉपमधलं वेल्डिंग. विश्वाचा नंबर काही लागेना. तेवढ्यात तारेवर कोणीतरी दोन साड्याही वाळत घातल्या.

सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये या तारेनं डोकं दुखतं, अशी तक्रार आली. तार फक्त ऐकते, सोडत काहीच नाही, हे मी समजावलं. त्रास उलट मला होतो, पृथ्वीवर गोंगाटच इतका आहे की शेवटी चंद्राच्या मागेच जावं लागणार, हेही सांगितलं. चेअरमननी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, मग तुम्ही तिकडेच का नाही जात?"

या निष्कर्षाला यायला आमच्या गटाला कित्येक वर्षं लागली होती. तार काढायचा ठराव एकमतानं मंजूर झाला. शास्त्रीयदृष्ट्या मलाही विरोध करता येईना.

तार मी देवळ्याला नणंदेच्या कांद्याच्या शेतात नेली. तिथे विहिरीवरची मोटर घरघरत होती. पण दुपारी लाईट गेली, आणि वीजपुरवठ्याच्या या कार्यक्षमतेमुळे हेडफोनमध्ये एकदम शांत झालं.

"लाईट गेली ना वहिनी. आता तुमचं मशीन कसं चालायचं?" नणंद ओशाळून म्हणाली.

ते बॅटरीवर आहे असं मी सांगत होते, तोच एक सळसळ उठली, चढत गेली आणि हळूहळू विरली. थोड्या वेळानं पुन्हा. सूर्यावरचा स्फोट होता. इतकी वर्षं मी याचे फक्त आलेख पाहिले होते. मी हेडफोन काढून तिच्या कानांना लावला.

"हा सूर्य हाय?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं. तिनं हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. हेडफोन एकच होता, त्यामुळे उरलेला सूर्य मी तिच्या चेहऱ्यावरच पाहिला.