बार्बस ऊर्फ पुंटियस

लंडनच्या ईलिंगमधल्या शोभेच्या माशांच्या दुकानदाराला मी भर दुकानात लबाड म्हटलं होतं. साल दोन हजार चारच्या आसपासचं. नुकतीच आजी झाले होते, त्यामुळे आपल्याला जगातलं सगळं कळतं अशी माझी समजूत होती.

हा गोरा म्हातारा कोपरापर्यंत कायम ओला, आणि तिकडच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक बाईला ‘लव्ह’ म्हणणारा. बोलण्याआधी काचेवर नख वाजवायचा, जणू माशांची परवानगी घेतोय. केरळच्या डोंगरी ओढ्यांतले लाल पट्ट्याचे बार्ब मासे त्याचे खास लाडके. त्यांच्यासाठी पंप लावून ओढ्यासारखी धार सोडलेली. पण एका टाकीवर नाव ‘बार्बस’, शेजारच्या टाकीवर ‘पुंटियस’, आणि आत मासा एकच!

“एकच माल दोन नावांनी विकता?” मी कडाडले. दोन गिऱ्हाइकं चक्क दाराकडे वळली.

त्याचे कान लाल झाले. नख वाजलं. “शास्त्रज्ञांनी याला बार्बसमधून काढून पुंटियसच्या गटात टाकलंय, लव्ह. पण माझी जुनी गिऱ्हाइकं बिचारी बार्बसच मागतात.”

“म्हणजे मासा सासरी गेला!” मी वरमून म्हटलं आणि त्या दोघांना हाका मारून परत बोलावलं. मग त्याला सांगितलं, “आमच्याकडे लग्नात नवरीचं नावसुद्धा बदलतात. माहेरचे मला अजून जुन्याच नावाने हाक मारतात.”

तो म्हणाला, “मग तुमचं जुनं लेबल काय होतं, लव्ह?”