लेकीच्या आवाजातले धडे

माझी मुलगी काविळीने गेली. तिचे वडील त्याआधीच गेले होते. गोडदेवच्या आमच्या खोलीत तिचा कॉम्प्युटर तसाच राहिला. त्यावर ती लोकांची टायपिंगची कामं करायची. मी चौथीपर्यंत शिकलेली. मला वाचायची सवय व्हावी म्हणून तिने पुस्तकातले धडे स्वतःच्या आवाजात त्यात भरून ठेवले होते. आवाज ऐकत मी ओळीवर बोट फिरवायचे. मध्येच ती म्हणायची, "आई, पान उलट, झोपू नको." ती गेल्यावर रोज दुपारी भांडी आवरली की मी एक धडा लावायचे. धडे पाठ झाले होते. तेवढं मधलं बोलणं ऐकायला बसायचे.

माझे दीर ऑफिसात कॉम्प्युटरचंच काम करतात. ते म्हणाले, "वहिनी, ही सिस्टीम फार जुनी आहे. बनवणाऱ्यांनी तिची दुरुस्ती बंद केलीये. नवे चोर आले तरी या दाराला नवी कडी कोणी लावणार नाही. नेटला जोडू नका. एक रविवार द्या, नवीन टाकतो."

"मग सगळं असंच दिसेल ना?"

"असंच नाही दिसणार."

पडद्यावर काय कुठे ठेवायचं ते तिने ठरवलं होतं. मी म्हटलं, पुढच्या रविवारी बघू. असे बरेच रविवार गेले. शेवटी त्यांनी पेन ड्राइव्ह आणून दिला. "निदान आवाज तरी यात उतरवून ठेवा." मी हो म्हटलं. कसं उतरवायचं ते येत नव्हतं आणि विचारायची लाज वाटली. तो साड्यांखाली ठेवून दिला.

तिला जाऊन वर्ष होत आलं, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला. महाडहून नणंदेचा फोन आला, "बॅनरला फोटो हवाय, मेल कर. पोरीने शिकवलंय ना तुला? उगाच लाजतेस!" शेजारच्या भाभी म्हणाल्या, "हमारा वायफाय ले लो ना." मी जोडलं, फोटो पाठवला. पोचल्याचा फोन आला तेव्हा मला फार बरं वाटलं. नेट मात्र तसंच चालू राहिलं.

चौथ्या दिवशी धडा लागेना. प्रत्येक धड्याच्या नावापुढे भलतीच अक्षरं, आणि मध्ये इंग्रजी मजकुराचा लाल चौकोन. दीर आले, वाचलं आणि खाली बसले.

"चोरांनी आत शिरून सगळ्याला कुलूप घातलंय. पैसे मागतायत. दिले तरी उघडतील याचा भरवसा नाही."

"भाऊजी, मी कुठे काही दाबलं नाही हो."

"दाबावं लागतंच असं नाही. सिस्टीमच उघडी पडली होती." मग हळूच म्हणाले, "पेन ड्राइव्हवर घेतलंय ना?"

मी उठून चहा ठेवला. ते समजले. रागावले असते तर बरं झालं असतं.

बॅनरवर फोटो छान आला. सगळ्यांनी तिला फुलं वाहिली. मी कोणाला काही सांगितलं नाही.

आता धडे मी एकटीच वाचते. अडखळत नाही. परवा एका पानावर थांबले. इथे ती हसली होती की तिला खोकला आला होता, ते आठवेना. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. तरी आठवलं नाही.