दिनूभाऊंच्या लाल गाडीचा क्लच

स्पेअर पार्टच्या दुकानात दोनच गोष्टी साचतात, न खपलेला माल आणि किस्से. माल मी कसाही करून खपवतो. किस्से मात्र गिऱ्हाईक टाकून जातात आणि परत न्यायला कोणी येत नाही! कुडव्याच्या माझ्या दुकानात सगळ्यात जास्त जागा अडवली ती एकाच गाडीच्या किश्श्यांनी.

दिनूभाऊ म्हणजे माझ्या दुकानामागच्या राइस मिलचे मालक. त्यांनी रायपूरहून एक जुनी स्पोर्ट्स कार आणली. लाल, दोन सीटची आणि इतकी बुटकी की आत बसलं की शेजारच्या ट्रॅक्टरचं चाक थेट नाकासमोर! रायपूरहून ती सुसाट आली. मिलच्या शेडमध्ये मुक्काम पडला आणि दुसऱ्या दिवसापासून गिअर पडेना. टाकायला गेलं की खर्रर्र! माझ्या रॅकवरचे डबे हलायचे.

मिलचा खरा कारभार सुलोचनावहिनींचा, म्हणजे दिनूभाऊंच्या पत्नीचा. माहेर केशोरीचं, बोलणं रोखठोक. "नवा धान येऊन राहिला. शेड मले पाहिजे. धान का मी डोक्यावर ठेवू? विका हे डबडं!"

दिनूभाऊंनी नागपूरच्या एका शौकिनाला फोनवर शब्द दिला, "क्लच सुधरवून ठेवतो. या, चालवा, पटली तर न्या."

आमच्या धानाच्या धंद्यात शब्द दिला की दिला. घेणारा नाही म्हणू शकतो, देणारा नाही. तेव्हापासून दिनूभाऊंचा पाय ठरेना. मिलमधून दुकानात, दुकानातून शेडमध्ये, शेडमधून परत दुकानात. गाडी सुधरायला तर हवी होती, पण सुधरली की जाणार होती!

*

आमचा बब्बू मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावतो. डोळे मिटतो. मग निकाल.

"भाऊ, क्लच प्लेट गई."

प्लेट बदलली. खर्रर्र!

"प्रेशर प्लेट गई."

तीही बदलली. खर्रर्र!

"अब तो पक्का बेअरिंग है."

प्रत्येक निदानाचं औषध माझ्याच दुकानातून जात होतं. मी आपला मान डोलावत होतो. शेवटी दिनूभाऊ भडकले, "काऊन गा बब्बू, तू मिस्त्री हायेस का या दुकानदाराचा जावई?"

*

आमच्या बैठकीत पटले सरही असतात. रिटायर्ड मास्तर, गाड्यांचे सगळे रोग मोबाइलवर व्हिडिओ पाहून ओळखतात. त्यांनी शोध लावला की इंजिन बंद असताना गिअर टाकायचा आणि मग स्टार्टर मारायचा. गाडी वासरासारखी उडी मारते, पण निघते!

तशीच उडी मारून आम्ही एकदा निघालो. मी आणि बब्बू मागून मोटरसायकलवर. चिचगडच्या रस्त्याला चढ लागला आणि लाल गाडी खोकायला लागली. काळा धूर सोडला आणि ठप्प!

सर उतरले, धुराचा वास घेतला. "दिनू, पिस्टन रिंग गेल्या. इंजिन उतरवा लागते."

दिनूभाऊ रस्त्यातच येरझाऱ्या घालायला लागले. बब्बूने एअर फिल्टर उघडला. आत धानाचा भुसा, ठासून भरलेला! मिलच्या हवेत उडतो तोच. गाडी श्वास घेणार कुठून?

सर म्हणाले, "हे त व्हिडिओत नव्हतं!"

"सर, तो व्हिडिओवाला राइस मिलमध्ये नाही राहत!" दिनूभाऊ म्हणाले.

*

इंजिन सुधरलं, क्लच तसाच. एका सकाळी वहिनी तरातरा शेडमध्ये आल्या.

"माहा नवा बारदाना कोठी गेला?"

बारदाना म्हणजे धान भरायचं रिकामं पोतं. दिनूभाऊंचा चेहरा पडला. मिलमधल्या चपलांची घाण आत लागू नये म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी तो चांगला चौघडी करून ड्रायव्हरच्या पायाखाली अंथरला होता!

बब्बू सीटवर बसलेला. वहिनींनी त्याचे पाय बाजूला सारून बारदाना ओढला, झटकला आणि निघून गेल्या. बब्बूने सवयीने पेडल दाबलं. ते खाली गेलं, अजून खाली गेलं, पार तळाला टेकलं. गिअर पडला. आवाज नाही, काही नाही!

त्या जाड घडीवर पेडल अडत होतं. क्लच कधी पूर्ण सुटतच नव्हता.

बब्बूने माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे.

"बदललेले पार्ट वापस घेता का?" दिनूभाऊंनी विचारलं.

मी म्हटलं, "भाऊ, चहा घेता का?"

*

त्याच आठवड्यात वहिनींना केशोरीला भावाकडे जायचं होतं आणि जीप गेली होती धानाच्या कामाला. नाइलाजाने लाल गाडीत बसल्या. "लोक हासतीन मले!" असं म्हणत गेल्या.

संध्याकाळी परतल्या, केस उडालेले. मिलच्या फाटकाशी गाडी थांबली. मग वहिनींचा आवाज आला, "अजी, अजून एक चक्कर मारा ना, नाक्यापर्यंत."

एक म्हणता म्हणता त्या दोघांनी दुकानासमोरून किती चकरा मारल्या, मी मोजायचं सोडून दिलं.

तेवढ्यात नागपूरचा फोन. रविवारी येतो!

दिनूभाऊ माझ्या स्टुलावर बसले, उठले, परत बसले. "खराब होती तवा विकाची हिंमत होती गा. आता कशी विकू?"

*

रविवारी नागपूरकर आले. काळा गॉगल, हातात स्वतःचा टॉर्च. बॉनेट उघडून सगळं पाहिलं, ऑइल बोटांवर घासलं, इंजिनाचा आवाज ऐकून खूश झाले. वहिनींनी सगळ्यांना बाहेर खुर्च्यांवर बसवून चहा दिला आणि गाडी पुसून देते म्हणून आत गेल्या.

चहा झाला. नागपूरकर गाडीत बसले. दिनूभाऊंनी तोंड फिरवलं.

इंजिन सुरू झालं. आणि मग,

खर्रर्र!

बब्बूचा कप हातातच राहिला. पुन्हा खर्रर्र! रिव्हर्स टाकून पाहिला, खर्रर्र!

नागपूरकर उतरले. "याला सुधरवणं म्हणता? गिअरबॉक्स कामातून गेलाय. मला नको!" आणि धूळ उडवत निघून गेले.

"भाऊ, कसम से, कल तक तो..." बब्बू रडकुंडीला आला. दिनूभाऊंना हसावं की रडावं कळेना.

वहिनी आल्या. पदराला हात पुसले, गाडीचं दार उघडलं, वाकल्या आणि पेडलाखालून चौघडी बारदाना ओढून काढला. झटकला, काखेत मारला आणि पलीकडच्या सीटवर जाऊन बसल्या.

"अजी, उभे काऊन हा? चला, केशोरीले जायचं हाये."

"आणि धान?" दिनूभाऊंनी विचारलं.

"धान राहते ताडपत्रीखाली. चला लवकर!"