आधी कुसुमताई लटकतात

रिंगांना दुसऱ्या कुणाचा हात लागण्याआधी कुसुमताई स्वतः लटकतात. वय बावन्न. ओढणी कमरेला घट्ट बांधायची, दोन्ही रिंगा धरायच्या, पाय उचलायचे. वीसपर्यंत मोजून उतरायचं आणि म्हणायचं, "चला, आता तुमचं वजन टाका." वाडीतल्या ट्रकच्या गोदामात यात कधी खंड पडलेला मी पाहिला नाही. प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय ज्या साहेबांना कोच दिसतच नाही, त्यांच्यासाठी हे मी मुद्दाम लिहितेय.

ट्रकवरचा माल आवळायचे जाड पट्टे फाटले की ताई ते शिवून देतात. गोदामाच्या कोपऱ्यात त्यांची मशीन, आणि वरच्या लोखंडी तुळईला स्वतः शिवलेल्या पट्ट्यांनी टांगलेल्या दोन लाकडी रिंगा. तरुणपणी त्या कातळ चढायच्या. आता आम्हा सहा पोरींना चढण्यासाठी तयार करतात. फुकट. आमच्या भागात चढाईची भिंत नाही. ती मिळावी म्हणून मी पत्रकं काढते, आणि ताई हात घडवतात.

पहिल्या दिवशी मी ऐटीत लटकले. ताई मशीनवरूनच ओरडल्या, "लटकणं म्हणजे लोंबणं नाही वं! खांदे कानापासून दूर ने. वाळत घातलेली चादर हायेस का तू?" मग दोन महिने पाय जमिनीवरच. रिंगा धरून मागे रेलायचं, अंग फळीसारखं ताठ ठेवायचं आणि छाती हातांपर्यंत ओढायची. मी वैतागले. "ताई, मी चढायला आलेय, झोके घ्यायला नाही."

"भिंत हालत नाही, म्हणून तिथं तुले खोटं बोलता येते. रिंग हालते. थे सगळं सांगून देते."

गेल्या वर्षी चढाईच्या राज्य संघाची निवड होती. मी आधीच पत्रकं छापून ठेवली: 'आमची खेळाडू संघात, आता तरी भिंत द्या!' ती खेळाडू म्हणजे मीच. निवडीच्या चार दिवस आधी रिंगांवर हात ताठ करून तोलून धरताना डावी रिंग थरथरली. खांद्याचं दुखणं मी लपवत होते. ताई मशीन सोडून आल्या.

"हात वर कर."

डावा हात कानाच्या अलीकडेच अडला.

"यंदा तू नाही जात."

"पत्रकं छापून झालीत, ताई!"

"कागद छापला तू. खांदा छापता येते का?"

मी पेटलेच. तुम्ही घाबरता, तुमच्यासारख्यांमुळेच आपण मागे राहतो, असं अख्खं भाषण ठोकलं. ताईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं. वर पाण्याचा गिलास पुढे केला.

"झालं? आता आईक. पट्ट्याचा धागा उसवला असला तं मी ट्रक सोडू देत नाही. मालक कितीबी बोंबलू दे. मंग तुले काहून सोडू?"

मी गेले नाही. रडले, भांडले, आठवडाभर गोदामात फिरकले नाही. परत आले तेव्हा ताईंनी माझ्याच पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर रोजचा व्यायाम लिहायला लावला. पुन्हा पाय जमिनीवर, पुन्हा रेलणं. डॉक्टरांकडेही त्याच घेऊन गेल्या. किती महिने ते विचारू नका, गठ्ठा संपला.

यंदा निवडीच्या अर्जात प्रशिक्षकाचा रकाना होता. टेबलामागचा माणूस म्हणाला, "प्रमाणपत्र नसेल तर कोरा सोडा." कोरा? मी ठळक अक्षरांत ताईंचं नाव लिहिलं आणि खोडून दाखवा म्हणून तिथेच उभी राहिले. त्यानं खोडलं नाही.

ताई आल्या नव्हत्या; पट्टे तातडीचे होते. निकाल लागला आणि मी फोन लावला. मागे मशीन धडधडत होती.

"खांदा?"

"शाबूत."

"दुखते का? खरं सांग."

"नाही, ताई."

"मंग झालं. ठेव फोन."

"अहो ताई, माझी निवड झाली!"

मशीन थांबली. मग फोन बाजूला धरून त्या कुणाला तरी म्हणाल्या, "भाऊ, तुमचा पट्टा उद्या न्या. आज मशीन बंद हाये."

"काहून वं बाई? आत्ता तं चालू होती!" कुणी ड्रायव्हर कुरकुरला.

"माझी पोरगी टीममधी गेली," ताई म्हणाल्या. "बसा, चहा घ्या."