शेजारणीला श्रीमंत केलं, त्याची गोष्ट

सगळ्या शिरूर तालुक्यात एका बाईला एका दुपारीत श्रीमंत केलेली मी एकटीच, आणि इतक्या थाटात गरीब राहिलेली ती आमची शेजारीणही एकटीच. नातवंडं मला शहाणी समजतात, म्हणून कबूल करून टाकते. गावात दारिद्र्यरेषेचा सर्व्हे आला तेव्हा मी नवी सून होते आणि अक्कल माहेरीच राहिली होती. कुणीतरी घर बघायला येणार, एवढंच मला कळलं. घर बघायला पाहुणे आले की एकमेकींच्या वस्तू मांडायची आमच्या आळीची रीतच. शेजारीण विधवा, पदरी दोन पोरी, कांद्याच्या रानात रोजंदारी. तिची अब्रू राखायला मी आमच्या खुर्च्या, टेबलफॅन, टीव्ही तिच्या खोलीत नेऊन मांडले. वायरसुद्धा आमच्याच घरातून ओढली. सर्व्हेच्या गुरुजींनी वारा खात चहा संपवला आणि विचारलं, "हे सगळं तुमचंच?" आता उसनवारी उघडी पडणार म्हणून माझा पडलेला चेहरा बघून ती म्हणाली, "व्हय तर!"

यादी लागली, तिचं नाव नाही. पिवळं कार्ड गेलं, स्वस्तातलं धान्य गेलं, पोरींच्या ताटातली भाकरी अर्ध्यावर आली.

मग दर सोमवारी मजुरी बुडवून ती एसटीनं शिरूरच्या तहसील कचेरीत. अंगावर ठेवणीतली साडी, तीही तांब्यात निखारे घालून इस्त्री केलेली! मी म्हटलं, "अक्का, फाटकं नेसून जा की."

"फाटकं बघून दारातनं हाकलत्यात, चांगलं बघून यादीतनं. मंग दारातनं तरी आत जाते की!"

कारकुनानं उत्पन्नाचा दाखला मागितला, तर त्यालाच म्हणाली, "उत्पन्न दावा, दाखला मी आणते."

आज आळीत कुठलीही योजना आली की बायका आधी तिला गाठतात. रेशनच्या मशीनवर कुणाचा अंगठा उमटेना, तर हात धुवायला लावून, स्वतःच्या पदरानं पुसून ती तो पुन्हा टेकवते. पण तेव्हा तिच्या बाजूनं बोलायला कुणी नव्हतं. मी तर सासूबाईंच्या भीतीनं कितीतरी वर्षं गप्पच. शेवटी एका सोमवारी तिच्याशेजारी एसटीत बसले आणि तो संसार माझा होता, असं साहेबापुढं लिहून दिलं.

कार्ड आलं. मी पेढे घेऊन गेले, माफी मागितली. पेढा पोरींत वाटत ती म्हणाली, "माफी कशापायी, वैनी? इतकी वर्सं सरकारच्या कागदावर तरी तुमच्या-माझ्यात काय फरक नव्हता. आज तेवढा पडला बघा."