जमिनीवरचं अंथरूण

पनवेलच्या कोळीवाड्यातला काळूराम आमच्या नाटकांचा पडदा ओढायचा. खाडीतली होडी सांभाळून तो आमच्या मंडळीबरोबर गावोगाव हिंडला. जाड मखमलीचा तो पडदा आम्हा दोन नटांना मिळून हलत नसे. काळूराम तो एका हाताने असा सरकवायचा, की प्रेक्षकांना कापड हललेलं कळण्याआधी समोर राजवाडा उभा असायचा. टाळ्या आम्हाला मिळायच्या. तो विंगेत बसून सुकट-भाकरी खायचा आणि मला म्हणायचा, "नाना, आज राजापेक्षा त्याची मिशी बरी बोलली."

मागच्या वर्षी हाच माणूस माझ्या दारात आला आणि एक मजला चढल्यावर त्याला बोलता येईना. ओठ निळसर, बोटांची टोकं फुगून गोल झालेली. दारूला तो कधी शिवला नव्हता. जुन्या काविळीने यकृत आतल्या आत निबर केलं होतं आणि आता तो त्रास फुप्फुसांपर्यंत पोचला होता. खारघरच्या डॉक्टर वसुंधराबाईंनी सांगितलं, यकृत बदलावं लागेल. मुलगा हितेश आपल्या यकृताचा तुकडा द्यायला तयार झाला. पण काळूरामचं शरीर शस्त्रक्रिया पेलेल का, हे आधी बघायचं होतं. त्यासाठी चालायची परीक्षा होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात सहा मिनिटं, जमेल तेवढं चालायचं.

मी सोबत गेलो. आमचा नंबर यायला वेळ होता. बाकावर काळूराम सारखा एका अंगाला कलत होता आणि त्याची बायको रंभा त्याला दंडाला धरून पुन्हा ताठ बसवत होती. तो पाणी प्यायला जरा बाजूला गेला, तेव्हा ती माझ्याशी हळू आवाजात बोलली. घरी तो पलंगावर राहतच नाही, म्हणाली. दम लागणाऱ्याला बसतं ठेवावं असं सगळी आळी सांगते, म्हणून तिने लोड आणि उशा रचून त्याला टेकवलं होतं. पण तिची पाठ वळली की तो उशांवरून घसरत खाली यायचा आणि फरशीवर आडवा व्हायचा. इथे बरं वाटतं, म्हणायचा.

त्या घरात माणसाला पलंगावरून जमिनीवर घेतात ते शेवटच्या वेळी. तिच्या सासऱ्याला त्याच खोलीत, त्याच कोपऱ्यात घोंगडीवर घेतलं होतं. तो पुन्हा उठला नाही.

"बाईंना सांगू नका," ती म्हणाली. "तोंडातून काढलं की खरं होतं."

मी रंगमंचावर पुष्कळ भीती दाखवली आहे, डोळे फिरवून, आवाज कापवून. रंभाच्या चेहऱ्यावर तसलं काहीच नव्हतं. ती फक्त नवऱ्याकडे बघत होती, पापणी न हलवता.

नाव पुकारलं. बोटाला प्राणवायू मोजायचं यंत्र लावून काळूराम निघाला. पहिली फेरी बरी झाली. दुसऱ्या फेरीत पाय ओढू लागला. तिसऱ्यात त्याने भिंत धरली आणि मग, सगळ्यांच्या देखत, सावकाश खाली बसला आणि पाठीवर आडवा झाला.

रंभा धावली. तिने त्याच्या काखेत हात घातले. "उठा," एवढंच ती म्हणत राहिली. "इथं नाय. उठा."

"उचलू नका," वसुंधराबाई गुडघ्यांवर बसत म्हणाल्या. त्यांचं लक्ष यंत्राकडे होतं. आकडा खूप खाली गेला होता. थोडा वेळ तो तसाच राहिला. मग आकडा चढू लागला. काळूरामच्या ओठांवरचा निळेपणा ओसरला.

बाईंनी विचारलं, घरी असे झोपतात का? रंभाने होकारार्थी मान हलवली.

बाईंनी तिला तिथेच, फरशीवर बसूनच समजावलं. यकृताच्या या आजारात फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या रुंद होतात, तळाशी जास्त. माणूस उभा राहिला की रक्त तिकडे उतरतं आणि पुरेसा प्राणवायू न घेताच पुढे जातं. आडवं झालं की ते सावरतं.

"म्हंजे मी त्यांना बसवून बसवून..." रंभा थांबली.

"तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं," बाई म्हणाल्या.

परीक्षा काही पुरी झाली नव्हती. बाईंनी घरी प्राणवायूचं नळकांडं लावायला सांगितलं. रोज थोडं चालायचं, दम लागला की आडवं व्हायचं. काही आठवड्यांनी पुन्हा बघू, म्हणाल्या. शस्त्रक्रिया होईल असं त्या म्हणाल्या नाहीत, होणार नाही असंही नाही.

परवा दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. काळूराम गल्लीच्या टोकापर्यंत, बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांपर्यंत जाऊन आला होता आणि जमिनीवर पडला होता. शेजारी चटईला चटई लावून रंभाही आडवी झाली होती. मला बघून उठून बसली.

"एकट्याचं अंथरूण मी नाय टाकणार, नाना."

"म्हातारपणी दुपारची बाजूला येऊन झोपते," काळूराम डोळे मिटूनच म्हणाला. "आळी काय म्हनंल?"

ती हसली नाही. तिचा तळवा त्याच्या छातीवर होता आणि तो वर येऊन खाली गेला की पुढच्या वेळी वर येईपर्यंत ती स्वतः श्वास घेत नव्हती.

सोमवारी पुन्हा तोच व्हरांडा आहे. दवाखान्याची पिशवी दाराशी भरून ठेवली होती. तिच्यातून गुंडाळलेल्या दोन चटया वर डोकावत होत्या.