टीपबाईंची तिसरी परीक्षा

लष्कराच्या पॅराशूट दुरुस्ती केंद्रात गणवेश न घालणारी जी दोन-अडीचशे माणसे काम करीत, त्यांपैकी शिवणविभागातल्या तिसऱ्या यंत्रावरच्या बाईंना सारेजण टीपबाई म्हणत. सत्तावीस वर्षांत त्यांची एकही टीप उसवावी लागली नव्हती. तरीही त्या तिसऱ्या यंत्रावरच होत्या. त्यामागचे कारण त्यांच्या सेवापुस्तकात दोन निरनिराळ्या हस्ताक्षरांत, पण जवळजवळ एकाच वाक्यात नोंदवलेले होते: ‘काम उत्कृष्ट, परंतु ते शिकणाऱ्याऐवजी उमेदवाराने स्वतःच केले.’

ही नोंद सुपरवायझरच्या परीक्षेतली. पंधरा दिवसांचा वर्ग आणि शेवटी प्रात्यक्षिक. शिवणाशी काडीचा संबंध नसलेला माणूस समोर बसवला जाई आणि पॅराशूटच्या फाटक्या कापडाला ठिगळ कसे लावायचे, ते त्याला चाळीस मिनिटांत शिकवायचे असे. अट एकच. शिकवणाऱ्याने कापडाला हात लावायचा नाही. दोन्ही वेळा टीपबाईंनी पाच मिनिटे दम धरला आणि सहाव्या मिनिटाला “सरका बरं जरा” म्हणून ठिगळ स्वतः लावून टाकले. सुरेख लावले.

परीक्षेला तीनच संधी मिळत. शिवाय विभागाचे सुपरवायझर महिनाअखेर निवृत्त होणार होते, आणि बाई उत्तीर्ण झाल्या नाहीत तर त्यांच्या जागी तंबूंच्या भांडारातला एक गृहस्थ येणार, असे जवळजवळ ठरले होते. त्या गृहस्थाला टाका आणि टाचणी यांत फरक करायला चष्मा लागत असे. त्याच्या हाताखाली आणखी सात वर्षे काढायची, या विचारानेच टीपबाईंची झोप उडाली होती.

घरी तयारी सुरू झाली. शिष्य म्हणून टपालखात्यातले यजमान हाताशी होतेच. बाईंचे हात कसे आवरायचे, याची युक्ती लेकीने काढली: दोन्ही हातांत चहाने काठोकाठ भरलेला एकेक कप.

“सांडला तर फरशी तूच पुसायचीस,” लेकीने बजावले.

“अहो, कापड असं धरा,” बाई म्हणाल्या.

“असं म्हणजे कसं?”

“असं हो! असं!”

“अगं, तुझे दोन्ही हात कपांना चिकटलेत. मला दिसणार काय, कपाळ?”

शिकवण्यासाठी आपल्याजवळ ‘असं’ हा एकच शब्द आहे, हे बाईंना सत्तावीस वर्षांत प्रथमच कळले. बोटांना सारे येत होते. बोटांनी ते तोंडाला कधी सांगितलेच नव्हते. मग रोज संध्याकाळी त्या स्वतःच्याच बोटांची चौकशी करू लागल्या. अंगठा कुठे असतो? कापड कोण ढकलतो, उजवा हात की डावा? आठवडाभरात यजमानांची टीप नवख्याने हाकलेल्या औताच्या तासासारखी वाकडी का होईना, पण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचली.

“तीस वर्षं दारोदार हिंडलो,” ते लेकीला म्हणाले, “कुत्री अंगावर आली, पण एवढी बोलणी कुठं खाल्ली नाहीत.”

परीक्षेच्या दिवशी शिष्य म्हणून समोर आला तो केंद्राच्या अग्निशामक दलातला धिप्पाड जवान. त्याचे एकेक बोट गाजराएवढे होते. परीक्षक होता एक तरुण कॅप्टन, हातात घड्याळ घेतलेला. कोपऱ्यात जुने सुपरवायझर साक्षीला बसले होते.

टीपबाईंनी हात काखेत घट्ट दाबून धरले आणि बोलायला सुरुवात केली. पंधरा मिनिटे सुरळीत गेली. मग जवानाने कापड मागून हिसडले आणि सुई काडकन मोडली.

“हरकत नाही, दुसरी लावा,” कॅप्टन म्हणाला.

“नाही साहेब. आधी तुकडे.”

“बाई, घड्याळ चालू आहे.”

“चालू दे. सुईचा कण कापडात राहिला तर वर आभाळात छत्री फाटेल. यंत्र बंद करा हो दादा, आणि शोधा.”

जवान टेबलाखाली शिरला, निम्माच मावला. बाईंची नजर फरशीवर भिरभिरत होती, हात काखेत होते. चार मिनिटांनी कॅप्टनही गुडघ्यांवर आला. मोडलेल्या सुईचा वरचा भाग यंत्रातच होता, मधला सापडला, टोक काही सापडेना. अखेर ते कॅप्टनच्याच चकचकीत बुटाच्या तळव्यात निघाले. जवानाने तिन्ही तुकडे टेबलावर जोडून सुई पुरी झाल्याची खात्री केली. नऊ मिनिटे गेली होती.

“आता बघा,” बाई म्हणाल्या. “आगीवर जाताना पाण्याचा पाईप गाडीतून कसा काढता? ओढता?”

“छे! ओढला तर पीळ पडतो, बाई. सरकू द्यायचा. नुसता हात ठेवायचा.”

“मग कापडावरही नुसता हात ठेवा.”

जवान थबकला, हसला आणि पुढची टीप सरळ निघाली. पण ठिगळाच्या तीन बाजू झाल्या आणि कॅप्टनने घड्याळ बंद केले. “वेळ संपली. काम अपुरं राहिलं.”

बाईंनी काखेतले हात काढले नाहीत. फक्त ओठ आत ओढले.

“साहेब,” कोपऱ्यातून सुपरवायझर म्हणाले, “आमच्याकडे सुई मोडली की यंत्र बंद, आणि कामाची वेळही बंद. तुकडे मिळेपर्यंतची मिनिटं कोणाच्या नावावर लागत नाहीत. शोधायची घाई होऊ नये म्हणून तो नियमच आहे.”

कॅप्टनने नियमांची वही मागवली, पान शोधले, दोनदा वाचले आणि घड्याळ पुन्हा चालू केले. “नऊ मिनिटं.”

चौथी बाजू सातव्या मिनिटाला पुरी झाली. उरलेल्या दोन मिनिटांत जवानाने, कोणी विचारले नसताना, सुई मोडल्यावर काय करावे यावर कॅप्टनला लहानसे व्याख्यान दिले.

पहिल्या तारखेला टीपबाई सुपरवायझर झाल्या. दुपारी पाचव्या यंत्रावरची मुलगी अडली. तिने दोनदा उसवले आणि रडकुंडीला येऊन म्हणाली, “बाई, तुम्हीच करा ना. दोन मिनिटांत होईल.”

“दीड,” टीपबाई म्हणाल्या. मग त्यांनी एक स्टूल ओढले आणि तिच्याजवळ बसल्या. “तुला किती वेळ लागेल ते बघू. मला आज दुसरं काही काम नाही.”